भाकड म्हशीचा दाखला

नळाला अकराव्या दिवशी पाणी आलं होतं. केशरबाई मोरीत पाटावर बसून तिसरा हंडा भरत होती, आणि सून मागं उभी राहून, आत्याबाई बादल्या राहिल्यात, आत्याबाई टिपाडात पाइप सोडायचाय, असं दर दोन मिनिटांनी सांगत होती. जसं काही केशरबाईनं जन्मात कधी पाणी भरलंच नव्हतं, ह्या बीड शहरात तिसऱ्या मजल्यावर येऊनच तिला पाणी दिसलं होतं. तेवढ्यात गहिनीनाथ दाराशी आला. अंगात बनियन, गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला दाढीचा फेस. त्यानं बायकोला चहा ठेवायला पाठवलं. ती गेली तरी तो उंबऱ्यावरच रेंगाळला आणि फरशीकडं बघत म्हणाला, “आई, आपली भुंगी गाभण होती का?”

हंडा भरला आणि वाहायला लागला. पाणी तिच्या पायाच्या बोटांवरून मोरीच्या भोकाकडं पळालं. केशरबाईला ते दिसत होतं, तिचा हात नळाकडं जात नव्हता. आतून सुनेनं हाक दिली, पाणी सांडतंय वाटतं. तेव्हा गहिनीनाथनंच वाकून हंडा सरकवला आणि त्या जागी बादली लावली. त्याच्या गालाचा फेस तिच्या पदराला लागला. चाळीस दिवस झाले होते म्हैस देऊन. चाळीस दिवस हा पोरगा तिच्या ताटाशेजारी बसून जेवत होता, तिला गोळ्या आणून देत होता, आणि हा सवाल त्याच्या तोंडात होता. “आज सकाळी आठवलं व्हय तुला?” ती म्हणाली. तो म्हणाला, आज अकरा वाजता तुला ऑफिसला यायचंय.

मग त्यानं सांगितलं. बाजारोबाजार जनावरं फिरवणाऱ्या सुग्रीव हेड्याला तिनं पाडव्यानंतर भुंगी दिली होती. तो म्हशीला घाटाखाली कुण्या ऊसवाल्याच्या गोठ्यात नेईल, असं केशरबाईनं स्वतःला सांगून ठेवलं होतं. सुग्रीवनं ती शहराबाहेरच्या कत्तलखान्यात नेली. आणि आठवड्यातून दोन दिवस तिथं उभं राहून जनावरं तपासायची, कापायला हरकत नाही म्हणून सही करायची, हे काम सरकारनं गहिनीनाथला दिलेलं. जनावरांचा डॉक्टर म्हणून पोराचं नाव झालं तेव्हा केशरबाईनं गावभर पेढे वाटले होते. तो जनावरं बरी करतो, एवढंच तिनं तेव्हा गावाला सांगितलं होतं. हे दुसरं काम तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी काढलं नव्हतं. भुंगीबरोबर चारा छावणीचा दाखला होता. एक म्हैस, रंग काळा, वय नऊ, भाकड. खाली दूध सोसायटीचा गोल शिक्का आणि चेअरमनची सही. “तुझी सही होती, आई,” गहिनीनाथ म्हणाला. “अठरा जनावरं होती त्या दिवशी. मी हात घालून बघितलं नाही.” दुसऱ्या दिवशी पोट फाडलं तर आत वगार, म्हशीची पोर. अंगावर केस फुटायला लागलेली. तिथल्याच कोणी तिचा फोटो काढला, तो फिरत फिरत पुण्याच्या कोण्या प्राणीमित्र बाईकडं गेला, बाईनं तक्रार ठोकली. आता चौकशी. साहेबाला मालकिणीचा जबाब पाहिजे. जनावर खंगलेलं होतं, चाळीस वर्षं म्हशी सांभाळणाऱ्या मालकिणीलाही कळलं नाही, असं कागदावर आलं तर चूक म्हणून मिटतं. मालकिणीला माहीत होतं असं आलं, तर कळण्यासारखं होतं आणि डॉक्टरनं बघितलं नाही, असा अर्थ होतो. मग नोकरीचं काही खरं नाही. “तुला फार बोलायचं नाही,” तो म्हणाला. “माहीत नव्हतं, एवढंच.”

केशरबाईनं बादली उचलून टिपाडात रिकामी केली. मग विचारलं, “पानी पाजलंतं का तिला?”

“नियमच आहे, आई. एक दिवस आधी आणायचं. चारा, पाणी, विसावा. मगच.”

“किती प्याली?”

तो गालावरचा वाळलेला फेस नखानं खरवडत राहिला. “लई प्याली. हौदावरून हलेना.”

चहा घेताना त्यानं नोटिशीबरोबर आलेला नियमांचा कागद वाचून दाखवला, तिनं नको म्हटलं तरी. गाभण जनावर कापू नये. तीन महिन्यांच्या आतलं वासरू मागं असेल तर त्याच्या आईला कापू नये. एका जनावरासमोर दुसरं जनावर कापू नये. आणल्यावर पूर्ण दिवस विश्रांती द्यावी. पिण्याचं स्वच्छ पाणी पुरेसं ठेवावं. तो वाचत होता आणि केशरबाईच्या डोक्यात एकच गोष्ट कुसळासारखी फिरत होती, पिण्याचं स्वच्छ पाणी पुरेसं. गावाकडं चकलांब्याला माघापासून पुरेसं पाणी कोणी बघितलं होतं? टँकर यायचा तो गढूळ, मागं भांड्यांची रांग, रांगेत शिव्या. पालीच्या धरणात लोक चपला घालून हिंडत होते. आणि इथं कुठंतरी एका खोलीत पंख्याखाली बसून कोणी शहाण्यानं लिहून ठेवलंय, की मारायच्या आदल्या दिवशी जनावराला पोटभर पाणी पाजा. त्याच्या आदल्या दिवशी काय करायचं, त्याच्या आदल्या महिन्यात काय करायचं, ते त्या शहाण्याला सुचलं नाही. पुण्याच्या त्या बाईला फोटो बघून रडू आलं म्हणे. आलं असेल. छावणीत उसाचे तुकडे चघळून चघळून जनावरांची तोंडं सोलली होती, लाळेतून रक्त यायचं, त्याचा फोटो काढायला कोणी बाई आली नाही. तिनं कप बशीवर उपडा ठेवला. सुनेला उपडा कप आवडत नाही, हे तिला माहीत होतं.

छावणी सोसायटीचीच होती. नवरा सर्जेराव गेल्यावर गावातल्या बायांनी दूध सोसायटी काढली आणि केशरबाईला चेअरमन केलं, त्याला अकरा वर्षं झाली. तिसरीतून शाळा सुटलेली बाई, पण सहीपुरती अक्षरं सोसायटीच्या सेक्रेटरीनं, सुंदररावनं, तिच्याकडून पाटीवर घोटून घेतली होती. केशरबाई सर्जेराव. तेवढं लिहिताना तिचा हात थरथरत नसे. मार्गशीर्षात छावणी उघडली तेव्हा सुंदरराव टेबल टाकून रजिस्टर घेऊन बसला, आणि चेअरमनचं जनावर पहिलं, म्हणून भुंगी पुढं उभी राहिली. शिंगाला लाल रंगानं एक नंबर पडला. सुंदररावनं विचारलं, काकी, गाभण का भाकड? भाद्रपदात फळली होती भुंगी, तिसरा महिना चालू होता. केशरबाईनं भिवई पण न हलवता सांगितलं, लिही, भाकड. सुंदरराव गालात हसला आणि त्यानं लिहिलं. केशरबाईच्या मागं रांगेत उभ्या चंद्रभागाबाईनं पण आपल्या म्हशीबद्दल तेच सांगितलं, आणि तिच्या मागच्या चार जणींनी तेच. पाच महिने झाल्याशिवाय गाभण हा शब्द तोंडातून काढायचा नाही, जनावराचा असो का सुनेचा; काढला की नजर लागते आणि गाभ पडतो. विचारणाऱ्याला पण ते ठाऊक असतं. तो विचारतो रीत म्हणून, आपण नाही म्हणतो रीत म्हणून, आणि दोघं समजून पुढच्या कामाला लागतात. त्या रजिस्टरातल्या भाकड म्हशींपैकी निम्म्या गाभण होत्या, आणि अख्ख्या गावाला ते माहीत होतं. सरकारला माहीत नव्हतं, एवढंच. सरकारला कोणी सांगितलं होतं का, की लिहिलेलं खरं धर?

पण हे सगळं पाचव्या महिन्यापर्यंत. रिक्षातून ऑफिसकडं जाताना, गहिनीनाथ शेजारी फाइल मांडीवर धरून बसला होता तेव्हा, केशरबाई बोटांच्या पेरांवर महिने मोजत होती आणि मध्येच थांबत होती, परत पहिल्या पेराला येत होती. भाद्रपद, आश्विन, कार्तिक. मार्गशीर्षात भाकड म्हणाले ते रीतीत बसलं. पौष, माघ. माघात पाच भरले. त्या दिवसापासून कोणीही विचारलं असतं तरी, हाय, म्हणायला तोंड मोकळं होतं. फाल्गुन. चैत्र. चैत्रात तिनं सुंदररावला दाखला लिहायला सांगितला तेव्हा त्यानं जुनं रजिस्टर उघडून जसंच्या तसं उतरवून काढलं, भाकड, आणि पेन तिच्यापुढं धरलं. रिक्षा खड्ड्यातून गेली, फाइल सरकली, गहिनीनाथनं ती दोन्ही हातांनी धरली. त्याचे हात तिच्यासारखे नव्हते. लांब बोटांचे, शहरी. त्याला पहिल्यांदा ती गोठ्यात घेऊन गेली होती तेव्हा तो सहा वर्षांचा असेल. तिनं त्याचा तळहात म्हशीच्या उजव्या कुशीला दाबून धरला होता आणि वरून गार पाण्याचा तांब्या ओतला होता. आत पाय झाडला गेला तसा तो घाबरून मागं पडला आणि मग अर्धा दिवस हसत राहिला. तिलाही हे असंच शिकवलेलं, तिच्या सासूनं, भामाबाईनं. सकाळी, पाणी पाजायच्या आधी, तळहात कोरडा करून. बोटं नाहीत, तळहात. बोटं खोटं बोलतात, असं म्हातारी म्हणायची. भामाबाईचा हात गेला तसा गावानं केशरबाईचा हात धरला. उमापूरपासून बाया यायच्या. दवाखान्यातला डॉक्टर, कोपरापर्यंत पिशवी घालून, घामाघूम होऊन जे सांगायचा, ते केशरबाई शेणाचा हात पुसून उभ्या उभ्या सांगून जायची, आणि डॉक्टर चुकला असेल तर तेही सांगून जायची, चारचौघांत, त्याला लागेल असं. शाळेनं तिला काही दिलं नव्हतं. जे होतं ते ह्या तळहातात होतं.

शेवटच्या सकाळी तिनं हात लावला नव्हता. हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि रिक्षाच्या गरम रेग्झिनवर टेकलेला तळहात तिला तसं सांगू देत नव्हता. लावला होता. छावणी मोडायचा हुकूम आला होता, टँकर बंद झाला होता, शेडवरची हिरवी जाळी माणसं गुंडाळत होती. चेअरमननं आपलं जनावर आधी हलवावं, मग बाकीच्या हलवतील. भुंगी खुंट्याशी उभी होती, हाडांवर कातडं टाकल्यासारखी, जीभ बाहेर काढून केशरबाईचा घामानं खारट झालेला दंड चाटत होती. गार पाणी ओतायला नव्हतंच. तरी तिनं उजव्या कुशीला तळहात ठेवला आणि लगेच, पाण्याशिवाय, आतून धक्का आला. एकदा. मग आणखी एकदा, जोरात, जसं आतलं लेकरू बाहेरच्यावर चिडलंय. तिनं हात काढून घेतला. सुग्रीव हेडी आपलं दावं घेऊन आला. दिलेल्या जनावराबरोबर घरचं दावं जाऊ द्यायचं नाही, म्हणून तिनं भुंगीच्या गळ्यातलं सोडून खांद्यावर टाकलं. सुग्रीवनं काही विचारलं नाही. म्हशीकडं एकदा बघितलं, केशरबाईकडं एकदा बघितलं. गाभण जनावर त्या वाटेनं नेता येत नाही, हे त्याला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुठल्या वाटेनं नेणारं गिऱ्हाईक ह्या साली सात तालुक्यांत नव्हतं, हे दोघांना माहीत होतं. खुंट्याला ठेवली तर आठ दिवस. जास्तीत जास्त दहा. मरताना म्हैस कशी ओरडते ते केशरबाईनं छावणीत तीनदा ऐकलं होतं. सुग्रीव विचारीना, तेव्हा तिनंच सांगितलं, “भाकड हाय.” कोणी न विचारता. रीत कशी असते, तर विचारल्यावर नाही म्हणायचं. न विचारता नाही म्हणायची रीत कुठल्याच गावात नाही.

नाही हा शब्द तिच्या तोंडाला फार पूर्वीपासून सवयीचा होता. बाहत्तरच्या दुष्काळात सडकेच्या कामावर, गळ्यात शिट्टी अडकवलेला मुकादम रोज सकाळी बायांच्या रांगेपुढून चालत जायचा आणि विचारायचा, दिवस गेलेल्या बाया असतील तर बाजूला व्हा, खडी फोडायला त्यांना ठेवायचं न्हाई, वरून आलंय. म्हणजे तेव्हाही वरून काहीतरी आलेलं होतं. बाजूला होणाऱ्या बायांना तो घरी धाडायचा. घरी काय होतं? केशर तेव्हा सतरा-अठराची. तिनं पोटावरून लुगडं इतकं कसून आवळलं होतं की वाकताना श्वास घुसमटायचा. तिच्यापुढं येऊन मुकादम थांबायचा. न्हाई, ती म्हणायची. रोज. चढ्या आवाजात. कितवा महिना होता ते मोजलेलंच नव्हतं. एके दिवशी उन्हाच्या भरात, हातात हातोडा असताना, खडीच्या ढिगावरच सगळं झालं, चाळीस बायांसमोर. कोणी तरी आडोशाला लुगडं धरलं तेही उशिरानं. मुलगी होती. भामाबाईनं तिला घमेल्यात घालून नेलं आणि परत येऊन घमेलं वाळूनं घासलं, दुसऱ्या दिवशी त्यात खडी भरायची होती म्हणून. गहिनीनाथला हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं आता. ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले. एका जनावरासमोर दुसरं जनावर कापू नये. केशरबाई रिक्षात एकदम हसली. गहिनीनाथनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, तुझ्या कायद्याला हसले.

ऑफिसात पंखा होता आणि तो फिरत होता. चौकशीचे साहेब मोहनराव म्हणून होते, पन्नाशीचे, कपाळाला अष्टगंध, बोलणं मऊ. त्यांनी उठून खुर्ची दिली, मावशी बसा म्हणाले, आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. काचेचा ग्लास, काठोकाठ, बाहेरून घाम आलेला. केशरबाईनं त्या ग्लासाकडं बघितलं आणि तिला नियमांचा कागद आठवला. आधी पाणी. मगच. तिनं हात लावला नाही. साहेबांनी तिचं नाव विचारलं, वय विचारलं, सोसायटीचं विचारलं. छावणीचा दाखला पुढं सरकवून, ही सही तुमची का, असं विचारलं. तिनं हो म्हटलं. नाही म्हणायला ती काय अंगठेबहाद्दर होती? गहिनीनाथ भिंतीशी उभा होता, कॅलेंडरकडं बघत. कोपऱ्यात कारकुनाचा टाइप केलेला जबाब तयारच होता, फक्त मधल्या ओळी मोकळ्या ठेवलेल्या.

मोहनराव खुर्चीत मागं टेकले. मग त्यांची भाषा बदलली, ऑफिसची गेली आणि गावाकडची आली. ते म्हणाले, “माझी आईबी तळहातानं सांगायची, मावशी. आन् तुमचं नाव तर म्या गेवराईच्या दवाखान्यात ऐकलंय. केशरबाईनं हात लावला म्हंजी डाक्टर कशाला, असं म्हनत्यात लोक. मग ही कशी काय निसटली?”

हा आपला माणूस होता, म्हणून वाईट होता. पुण्याच्या बाईला काहीही सांगता आलं असतं, तिला म्हशीची उजवी कूस कुठली तेही कळलं नसतं. ह्याच्या आईनं ह्याचाही तळहात कधीतरी दाबून धरला असणार. केशरबाईच्या मनात आलं, उठावं आणि सांगावं, कळलं होतं, दोन लाथा मारल्या त्या पोरीनं, दुसरी जोरात मारली, आणि मी हात काढून घेतला; लिव्हा, आन् काय करायचं ते करा. ते वाक्य तिच्या घशापर्यंत आलं, पूर्ण, धारेसह. चारचौघांत डॉक्टरला चुकलास म्हणून सांगणारी बाई ती, तिला खरं बोलायला कधी भीड पडली नव्हती. भिंतीशी गहिनीनाथनं कॅलेंडरचं पान विनाकारण सरळ केलं. ती लांब बोटं. तिनं मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताखाली घेतला.

“न्हाई कळलं,” ती म्हणाली.

“सातवा म्हैना व्हता, मावशी.”

“दुष्काळातलं जनावर. पोट कुठं आन् बरगडी कुठं.”

“म्हंजी हात लावून बघितलंतं तुमी?”

“बघितलंतं.”

“आन् तुमच्या हाताला कळलं न्हाई. असं लिहू?”

तो मुद्दाम विचारत होता. त्याला कळलं होतं, आणि तो सोडून द्यायला तयार होता, पण फुकट नाही. तिच्याकडून नेमकी तीच वस्तू, तिच्या हाताची पत, घेऊन सोडणार होता. केशरबाईनं त्याच्या अष्टगंधाकडं बघत म्हटलं, “लिवा.” कारकुनानं खटाखट लिहिलं. तिनं वाचून दाखवायला लावलं, दोनदा. सदर म्हशीस हात लावून पाहूनही ती गाभण असल्याचे माझ्या हातास कळून आले नाही. मग तिनं पेन घेतलं आणि आपली सही केली, केशरबाई सर्जेराव, एकही अक्षर न हलवता. उठताना ती म्हणाली, “साहेब, तुमच्या कागदात मारायच्या आदुगर किती पानी पाजायचं ते लिवलंय. जगवायला किती पाजायचं, ते कोन्त्या कागदात हाय?”

मोहनराव फाइल बांधत होते. “तो कागद आमच्या खात्यात येत न्हाई, मावशी,” ते म्हणाले, आणि ग्लास तसाच राहिलाय हे बघून शिपायाला तो उचलायची खूण केली.

परतताना गहिनीनाथ बरंच बोलला. साहेब चांगले आहेत, आता मिटलं समज, फार तर एक ताकीद. तू हुशारीनं बोललीस, असंही म्हणाला. चौकात लिंबू सरबताच्या गाडीशी त्यानं रिक्षा थांबवायला सांगितली, ती नको म्हणाली, तरी त्यानं थांबवली आणि एकट्यानंच दोन ग्लास घेतले, उभ्या उभ्या. केशरबाई आत बसून त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत राहिली. तिला बरं वाटायला हवं होतं. पोराची नोकरी राहिली, घर राहिलं, उद्या सकाळी तो परत पांढरा कोट घालून जाईल. तिला राग येत होता, आणि कोणाचा ते सापडत नव्हतं. सुग्रीवचा यावा तर तो बिचारा आपलं दावं घेऊन आला होता, साहेबाचा यावा तर त्यानं पाणी दिलं होतं. आपल्या उजव्या हाताकडं ती बघत नव्हती. तो तिथं मांडीवर होता, एखाद्या पाहुण्यासारखा, ज्याला जा म्हणता येत नाही.

घरी आल्यावर तिनं गाठोडं सोडून भुंगीचं दावं काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. सुनेनं भरलेल्या हंड्यांवर ताटल्या झाकल्या होत्या. जेवणं झाली. दुपारी तिनं पाठ टेकली तेवढ्यात सुनेनं फोन आणून दिला, गावाकडचा आहे म्हणून. चंद्रभागाबाई होती. तिच्या आवाजामागं वारा आणि कुठंतरी पत्रा वाजत होता. अगोदर गावातलं सगळं सांगितलं, कोण उसाच्या मुकादमाकडं उचल घ्यायला गेलंय, कोणाची बोअर आटली. मग म्हणाली, तुमी कवा येताय? माझ्या म्हशीला एकदा हात लावून सांगा. सुग्रीव उद्या येतो म्हणतोय. द्यायची का राखायची, ते तुमच्या हातावर हाय.

“माझ्या हाताला कळत न्हाई आता,” केशरबाई म्हणाली.

“कावून?”

“न्हाई कळत. लेखी दिलंय सरकारला. तुझी म्हैस भाकड हाय का काय, मला इचारू नको.”

मग चंद्रभागाबाई हसली, हळू, समजूतदार, रांगेत हसायची तशी. “कळलं, कळलं. आवंदा पाडव्याला छावनीत तुमी कुशीला हात लावलाच व्हता तिच्या. तवाबी काय बोलला न्हाईत. बरं झालं बाई. मी न्हाई देत सुग्रीवला. कसंबी करते, पन राखते.” आणि केशरबाई काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.

केशरबाई फोन हातात धरून पलंगावर बसून राहिली. पुन्हा लावून सांगता आलं असतं, की अगं, हे रीतीचं ‘न्हाई’ नव्हे, ह्या वेळचं ‘न्हाई’ खरं होतं. तिनं लावला नाही. चंद्रभागाच्या म्हशीला हात लावल्याचं तिला आठवत होतं, आत काही कळलं होतं का ते आठवत नव्हतं. राखू दे, तिला एक महिना तरी राखू दे. केशरबाईनं न्हाई म्हटलं की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळत होतं. रजिस्टर लिहिताना सुंदररावला कळलं होतं. तीनशे घरांच्या चकलांब्यात एकाही माणसानं आजवर तिचं भाकड खरं धरलं नव्हतं. आणि गहिनीनाथ तर त्याच घरात वाढला होता, त्याच गोठ्यात. त्याच्या तळहातावर तिनं स्वतः गार पाणी ओतलं होतं. तुझी सही होती, आई. हौदावरून हलेना. हौदाशी किती वेळ उभा होता तो, आणि कशाकडं बघत होता, भुंगी पाणी पीत असताना?

स्वयंपाकघरात हंड्यावरची ताटली सरकल्याचा आवाज झाला. गहिनीनाथ तांब्या बुडवून पाणी पीत होता, वरून, न थांबता. तांब्या संपला. त्यानं परत बुडवला. केशरबाई ऐकत राहिली आणि मोजत राहिली. तिसऱ्यांदा तांब्या हंड्यात गेला तेव्हा सून म्हणाली, अहो, पुरवायचंय ते अकरा दिवस. तो पीतच राहिला.